जातीची शुद्धता आणि रक्ताची जवळीक

कंधार तालुक्यातील शेतकऱ्यास आपल्या लाल कंधारी जनावरांचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविक होय. गडद तांबडा रंग, आटोपशीर बांधा, उन्हातान्हात न थकणारी चाल आणि कडब्यावर दिवस काढण्याचा काटकपणा ह्या गुणांच्या बळावर ह्या बैलाने मन्याड खोऱ्यातील जमिनीत पिढ्यानपिढ्या औत ओढले आहे. चौथ्या शतकात सोमदेवराय नावाच्या राजाने ह्या जनावरांस आश्रय दिला, अशी आख्यायिका ह्या भागात सांगितली जाते. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला, तरी ही जात येथील हवामानात, येथील चाऱ्यावर आणि येथील शेतकऱ्याच्या पारखी नजरेखाली घडली, ह्याविषयी शंका नाही. कंधार, मुखेड, नांदेड, बिलोली हे तालुके, लातूर जिल्ह्यातील अहमदपूर आणि परभणी व बीडकडील काही भाग हे तिचे माहेरघर मानले जाते.

ह्या अभिमानासोबत एक समजूतही अनेक गोठ्यांतून आढळते. "आमच्या गावचे रक्त शुद्ध आहे, बाहेरचा वळू आम्ही गावात येऊ देत नाही," असे शेतकरी भूषणाने सांगतो. ह्यांतील पहिली गोष्ट कौतुकाची आहे; दुसरी मात्र काळजी करण्याजोगी आहे. जातीची शुद्धता राखणे म्हणजे लाल कंधारी गाईस लाल कंधारी वळूच दाखवणे. परंतु तो वळू त्या गाईचा बाप, भाऊ किंवा मुलगा असावा, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. जात एक असावी, कूळ मात्र निराळे असावे, हा पैदाशीचा पहिला नियम होय. ह्या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे चांगल्या जातीची हानी तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्याच हातून होत असते.

घरचा वळू कसा पडतो

निकटच्या नात्यातील नर-मादींच्या संयोगातून होणाऱ्या पैदाशीस शास्त्रात अंतःप्रजनन असे म्हणतात. हा प्रकार कोणी हेतुपुरस्सर करतो असे नाही; तो आपोआप घडतो. गावात एखादा देखणा वळू असतो. दोन-तीन वर्षे गावातील बहुतेक गाई त्याच्याकडूनच फळतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच्या पहिल्या कालवडी माजावर येऊ लागतात आणि त्या वेळीही गावात वळू तोच असतो. पुढे तो म्हातारा झाला म्हणजे त्याचाच उत्तम गोऱ्हा निवडून त्याच्या जागी ठेवला जातो. गायरानात चरणाऱ्या कळपात तर खच्ची न केलेले गोऱ्हे मोकळे फिरत असतात. संध्याकाळी गाय घरी येते, ती कोणाकडून फळली हे गुराख्यासही ठाऊक नसते. वासराची आई ठाऊक, बाप अज्ञात, अशी स्थिती असल्यावर नाते मोजणार तरी कसे?

नाते मोजण्याची रीत अमेरिकन शास्त्रज्ञ सिवल राइट ह्यांनी १९२२ मध्ये घालून दिली. तिला अंतःप्रजनन गुणांक असे म्हणतात. बाप व मुलगी ह्यांच्या संयोगातून झालेल्या वासराचा हा गुणांक शेकडा २५ येतो. सख्ख्या भावंडांचाही तितकाच. एकाच वळूची, परंतु दोन निराळ्या गाईंची संतती आपसांत फळल्यास तो शेकडा साडेबारा होतो. तोच वळू आपल्या मुलीवर आणि पुन्हा तिच्यापासून झालेल्या कालवडीवर वापरला गेला, तर दुसऱ्या खेपेस होणाऱ्या वासराचा गुणांक शेकडा साडेसदतीसवर जातो. म्हणजे एकाच वळूच्या सहा-सात वर्षांच्या मुक्कामात ही मजल गाठली जाऊ शकते.

दोष कोठून येतो

प्रत्येक प्राण्यास प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात. एक आईकडून व एक बापाकडून. ह्यांतील एखादी प्रत सदोष असली तरी दुसरी निर्दोष प्रत बहुधा काम भागवून नेते आणि प्राणी दिसावयास निरोगी राहतो. असे सुप्त दोष थोड्याफार प्रमाणात प्रत्येक प्राण्यात असतात. सर्वांगसुंदर वळूही त्यास अपवाद नाही. दोन्ही प्रती सदोष आल्या म्हणजेच दोष उघड होतो. परके कूळ सहसा तोच दोष बाळगीत नाही. घरचे कूळ मात्र नेमका तोच दोष बाळगून असते. अंतःप्रजननाने नवा दोष उत्पन्न होत नाही, लपलेला दोष जोडीने एकत्र येतो, हे नीट ध्यानात घ्यावे.

हिशेब साधा आहे. समजा, वळूमध्ये एक सुप्त घातक जनुक आहे. त्याच्या मुलींपैकी सरासरीने निम्म्या मुलींत तो उतरतो. हाच वळू आपल्या सर्व मुलींवर वापरला, तर आठ वासरांमागे सरासरी एक वासरू बाधित निघेल. उलट, ज्या परक्या कळपात शंभर गाईंमागे एकच गाय हा दोष बाळगते, तेथे त्याच वळूच्या चारशे वासरांमागे एक बाधित होईल. वळू तोच, दोषही तोच. परंतु घरच्या कळपात नुकसान पन्नासपट.

असा ठळक दोष निदान डोळ्यांना दिसतो. आंधळे, वाकड्या पायांचे किंवा मेलेले वासरू जन्मले म्हणजे गावात चर्चा होते. खरे मोठे नुकसान मात्र न दिसणारे असते. दूध, वाढ, रोगप्रतिकार व गर्भधारणा हे गुण अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने रक्ताची जवळीक वाढत गेली की ते सर्वच थोडेथोडे घटतात. वासरू थोडे लहान जन्मते, कालवड उशिरा माजावर येते, गाय दोनदा-तीनदा उलटते, दोन वेतांमधील अंतर लांबते. लाल कंधारी गाय मुळातच दुधासाठी प्रसिद्ध नाही. एका वेतात सरासरी सहाशे किलोच्या आसपास दूध देणाऱ्या गाईकडून थोडे जरी घटले, तरी वासराच्या तोंडचा घास कमी होतो. शेतकरी ह्याचा दोष दुष्काळास, चाऱ्यास किंवा नजर लागण्यास देतो. चाऱ्याची उणीव खरी असतेच; परंतु चारा सुधारूनही गोठा सुधारत नसेल, तर वळूच्या वंशाची चौकशी करणे अगत्याचे आहे.

गाई पुष्कळ, वळू एक

गावात गाई पुष्कळ आहेत, मग रक्त जवळ कसे येईल, अशी शंका पुष्कळांस येते. परंतु पुढील पिढीचा निम्मा वाटा वळूंकडून येतो, मग वळू एक असो वा दहा. एका वळूवर पन्नास गाई असलेला कळप पैदाशीच्या दृष्टीने जेमतेम चार जनावरांच्या कळपाइतकाच असतो आणि त्यात अंतःप्रजनन पिढीमागे शेकडा सुमारे तेराने वाढते. त्याच पन्नास गाईंवर परस्परांशी नाते नसलेले चार वळू सारखे वापरले, तर ही वाढ शेकडा साडेतीनपर्यंत खाली येते. पिढीमागे ही वाढ शेकडा एकाच्या आत असावी, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा दंडक आहे. गाई कितीही असल्या तरी त्यासाठी निदान तेरा-चौदा वेगवेगळ्या कुळांतील वळू लागतात. एका गावास हे शक्य नाही. दहा-बारा गावांनी मिळून ठरविल्यास अवघडही नाही.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची गरज घटली आणि बैलांबरोबर बैल देणाऱ्या गाईही कमी झाल्या. २०१२ ते २०१९ ह्या दोन पशुगणनांच्या दरम्यान भारतातील देशी गोवंशाची संख्या शेकडा सुमारे सहाने घटली. कळप लहान झाला की नाती आपोआप जवळ येतात. संख्या घटल्याने रक्त जवळ येते, रक्त जवळ आल्याने जोम घटतो आणि जोम घटल्याने शेतकरी ती जात सोडून देतो. हे रहाट वेळीच थांबविले पाहिजे.

बेकवेलचा दाखला

अंतःप्रजननाच्या समर्थनार्थ कधीकधी इंग्लंडातील रॉबर्ट बेकवेल ह्यांचे नाव घेतले जाते. अठराव्या शतकात त्यांनी निकटच्या नात्यातील जनावरांचा संयोग करूनच लीस्टर मेंढ्यांची नामांकित जात घडविली, हे खरे आहे. शॉर्टहॉर्न जातीचा 'कॉमेट' नावाचा वळू अशाच पैदाशीचा होता व १८१० मध्ये तो एक हजार गिनींस विकला गेला. परंतु ह्याच जातीत थॉमस बेट्स ह्यांनी जोपासलेले 'डचेस' गाईंचे कूळ पुढे वांझपणाने ग्रासले गेले, हेही त्याच इतिहासात नमूद आहे.

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून निघालेला 'नांदेड-४४' हा संकरित वाण मराठवाड्यातील शेतकऱ्यांस परिचित आहे. संकरित वाणाचे आईबाप शुद्ध राखण्यासाठी संशोधक जवळच्या रक्ताचा उपयोग करतात. परंतु ते शेतकऱ्याच्या हाती देतात ते दोन निराळ्या कुळांच्या मिलनातून आलेले जोमदार बियाणे. शिवाय संशोधक शेकडो झाडांतून मोजकी ठेवून बाकीची उपटून टाकू शकतो. बेकवेलजवळही मोठा कळप होता आणि नको ते जनावर काढून टाकण्याची सोय होती. दोन-तीन गाई बाळगणारा कंधारचा शेतकरी काय काढून टाकणार? त्याच्या गोठ्यातील अधू कालवड हा प्रयोगातील आकडा नसतो. ते त्याचे भांडवल असते, आणि तिला पोसतच राहावे लागते. तेव्हा हे हत्यार तज्ज्ञाच्या हातचे आहे. ते गावच्या गायरानात चालविण्याजोगे नाही.

कृत्रिम रेतनाने प्रश्न सुटतो काय?

कृत्रिम रेतनामुळे दूरच्या वळूचे रक्त गावात आणता येते, हा मोठा लाभ आहे. परंतु त्याच सोयीमुळे एकाच वळूचे रक्त हजारो गोठ्यांत पोहोचते. अमेरिकेत १९६२ मध्ये जन्मलेल्या 'पॉनी फार्म आर्लिंडा चीफ' ह्या होल्स्टीन वळूस सोळा हजारांहून अधिक मुली झाल्या. दुधात ह्या कुळाने मोठी वाढ घडविली. पण गर्भातच वासरू दगावणारा एक सुप्त जनुकही त्याच्याबरोबर जगभर पसरला. त्यामुळे जगात सुमारे पाच लाख गर्भपात झाले असावेत, असा अंदाज २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. 'आयव्हनहो बेल' ह्या दुसऱ्या वळूकडून पांढऱ्या रक्तपेशी निकामी करणारा 'ब्लॅड' नावाचा दोष अनेक देशांत गेला. म्हणूनच भारतातील रेतन केंद्रांवर वळूंची अशा दोषांसाठी तपासणी करण्याचा नियम आहे. तपासणी ज्ञात दोषांचीच होऊ शकते. नाते टाळण्याची जबाबदारी मात्र शेवटी गाय दाखविणाऱ्याची राहते. रेतकांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक विचारून घेणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे.

ह्याच कारणास्तव, रक्त जवळ आले म्हणून लाल कंधारी गाईस सरसकट जर्सी किंवा होल्स्टीन भरविणे, हाही उपाय नव्हे. पाणी व हिरवा चारा असलेल्या दुग्धव्यवसायात संकरित गाईस स्थान आहे. परंतु कोरडवाहू गावात जातीचा काटकपणा घालवून बसणे हे जुनी विहीर बुजवून नवी खोदण्यासारखे होईल. शेजारच्या देवणीचे उदाहरण लक्षात घ्यावे. गीर, डांगी व स्थानिक जनावरांच्या मिश्रणातून ती घडली, असे पशुतज्ज्ञ मानतात. आणि मग अनेक गावांच्या निवडीने ती स्थिर झाली. जात बंद पेटीत राहून घडत नाही. लाल कंधारीतच अद्याप अनेक गावांत निरनिराळी कुळे आहेत. त्यांची आपसांत देवाणघेवाण करणे, हा पहिला व सर्वांत स्वस्त उपाय होय.

काय करावे

पहिली गोष्ट म्हणजे गावचा वळू त्याच्या मुली माजावर येण्यापूर्वी, अर्थात अडीच ते तीन वर्षांनी बदलावा. चांगला वळू गमवावा लागेल, ह्या भीतीने हे टाळले जाते. परंतु वळू विकावयाचा नाही. त्याची फिरवाफिरव करावयाची आहे. पाच गावांनी साखळी करून पहिल्याचा वळू दुसऱ्यास, दुसऱ्याचा तिसऱ्यास आणि पाचव्याचा पहिल्यास द्यावा. ह्या क्रमाने कोणताही वळू आपल्या मूळ गावी बारा वर्षांच्या आत परतत नाही. वळू हलविण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यातून त्याची सांसर्गिक गर्भपाताच्या रोगासाठी तपासणी करून घ्यावी; नाहीतर रक्ताबरोबर रोगाचीही देवाणघेवाण व्हावयाची.

दुसरी गोष्ट, पैदाशीसाठी न निवडलेले गोऱ्हे वेळीच खच्ची करून घ्यावेत. देवाच्या नावाने सोडलेला पोळही ह्यातून वगळू नये. तो आजारी किंवा निकृष्ट असला तरी गावातील गाई फळवीत असतो. तिसरी गोष्ट, नोंद. कानातील बिल्ल्यावरील बारा आकडी क्रमांक केवळ अनुदानासाठी नाही. त्याच क्रमांकापुढे आई, बाप व फळल्याची तारीख एका वहीत लिहिली, तर दहा वर्षांत गावाजवळ स्वतःची वंशावळ तयार होईल. मुलांच्या जन्मतारखा भिंतीवर लिहून ठेवणाऱ्या घरास हे अवघड नाही.

शेळीपालकांनी तर अधिकच दक्ष असावे. उस्मानाबादी शेळीची पिढी गाईपेक्षा फार लवकर फिरते. करडे पाच-सहा महिन्यांत वयात येऊ लागतात. नर करडे त्याआधीच वेगळी करावीत आणि बोकड दीड-दोन वर्षांनी बदलावा. शेजारच्या लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो व पशुप्रदर्शनही होते. तेथे वळू घेताना शिंगे, वशिंड व रंग पाहण्याची रीत आहे. त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा: "ह्याचा बाप कोणत्या गावचा?" उत्तर आपल्याच गावचे आले, तर वळू कितीही देखणा असला तरी पुढे चालावे.

गोठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

ज्या नियमाने गोठ्यातील वासरू जन्मते, तोच नियम उंबरठ्याच्या आतही लागू असतो, हे सांगण्यास संकोच वाटला तरी सांगितलेच पाहिजे. मनुष्य पशू नव्हे आणि विवाह हा पैदाशीचा व्यवहार नव्हे. त्यात माया, विश्वास, जमीन आणि आधार ह्या सर्वांचा विचार असतो. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेच्या व दक्षिणेच्या विवाहरीतींमधील दुवा म्हणून दाखविला आहे. नांदेड व लातूर हे जिल्हे तेलंगण व कर्नाटकाला लागून असल्याने काही समाजांत मामा-भाचीचे विवाहही होतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने अशी निकटची नाती निषिद्ध ठरविली आहेत. मात्र जेथे तशी रूढी आहे, तेथे सूट ठेवली आहे. कायद्याने सूट दिली, तरी निसर्ग सूट देत नाही.

मामेबहिणीशी झालेल्या विवाहातील अपत्याचा गुणांक शेकडा सव्वासहा येतो. मामा-भाचीच्या विवाहात तो शेकडा साडेबारा, म्हणजे गोठ्यातील सावत्र भावंडांच्या संयोगाइतकाच असतो. नात्यात नसलेल्या दांपत्यांच्या शंभर अपत्यांमागे दोन-तीन अपत्यांत जन्मजात गंभीर व्यंग आढळते. मामे किंवा चुलत भावंडांच्या विवाहात त्यात आणखी दोन-तीनांची भर पडते. अर्थात बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात, आणि म्हणूनच ह्या चालीचा दोष सहसा लक्षात येत नाही. परंतु तीच चाल सलग तीन-चार पिढ्या एकाच दोन घरांत राहिली, तर धोका ह्याहून वाढतो. चार्ल्स डार्विन ह्यांनी १८३९ मध्ये आपल्या मामेबहिणीशी विवाह केला. दहा अपत्यांपैकी तीन बालपणीच गेली. पुढे त्यांनी वनस्पतींच्या स्वपरागीकरणाचे दुष्परिणाम वर्षानुवर्षे अभ्यासले आणि आपल्या मुलांच्या प्रकृतीविषयीही त्यांस चिंता वाटत राही.

मूकबधिर किंवा मतिमंद मूल जन्मले म्हणजे खेड्यात सुनेच्या पायगुणास दोष दिला जातो. हे शास्त्रदृष्ट्या चूक आणि माणुसकीस सोडून आहे. असा विकार सुप्त दोषामुळे झाला असेल, तर तो दोष बहुधा दोन्ही बाजूंकडून आलेला असतो. त्यात आईचा वाटा जेवढा, तेवढाच बापाचा असतो. नात्यात विवाह ठरत असेल, तर घरातील मागील पिढ्यांतील अशा विकारांची माहिती मोकळेपणाने द्यावी आणि वैद्यकीय सल्ला व रक्ततपासणी करून घ्यावी. सिकलसेलसारख्या विकारांची तपासणी आता सरकारी आरोग्य केंद्रांतून होते. २०२३ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे. झालेल्या विवाहांची खंत करीत बसण्यात अर्थ नाही. पुढच्या पिढीची सोयरीक थोडी दूरच्या गावी शोधावी, एवढेच सांगणे आहे.

पूर्वजांनी गोत्र, कूळ व देवक पाहण्याची रीत घातली, तीत निकटचे नाते टाळण्याची दृष्टी होती. ती दृष्टी आज शास्त्राच्या आधाराने अधिक स्पष्ट झाली आहे. येत्या पोळ्यास बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावताना प्रत्येक गावाने एक प्रश्न स्वतःस विचारावा: आपल्या वळूचा मुक्काम गावात किती वर्षांचा झाला? तीन वर्षांहून अधिक झाला असल्यास शेजारच्या गावाशी बोलणे त्याच दिवशी सुरू करावे. त्यास खर्च फारसा नाही, परवानगीची गरज नाही आणि जातीच्या अभिमानासही त्याने बाध येत नाही. लाल कंधारीचा खरा अभिमान तिचे दार बंद ठेवण्यात नाही; तिची अनेक कुळे परस्परांच्या आधाराने जिवंत राखण्यात आहे.